अस्वल नाही म्हणत नाही

गुपित सांभाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही! धाकट्या मावशीने गुपचूप गाडी शिकायला सुरुवात केली ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिने ती गाडी काकांच्याच गाडीवर नेऊन आदळली तेव्हाही मी "अगंबाई, मावशी गाडी चालवते?" असं इतक्या मनापासून विचारलं होतं, की क्षणभर मावशीलाच शंका आली. असल्या माझ्या पोटात एक मोठं गुपित जवळजवळ वर्षभर सुखाने नांदत होतं. मी एकाच दुकानात दोन जणी होते. म्हणजे एक बाई आणि एक अस्वल! आणि हे मी इतकं चोख सांभाळलं, इतकं चोख सांभाळलं, की ज्या एका माणसाला ते वेळेवर कळायला हवं होतं त्यालाही पत्ता लागू दिला नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचं दुकान चारमजली. बादलीपासून पलंगापर्यंत घराला लागणारं सगळं तिथे मिळतं. तिसऱ्या मजल्यावर गाद्यांचा विभाग ओलांडून गेलं, की अंधाऱ्या बोळाच्या टोकाला एक काच, काचेला अर्धगोल भोक, भोकाखाली लाकडी फळी आणि काचेमागे मी. ही तक्रार खिडकी. सकाळी दुकान उघडल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोक त्या भोकातून माझ्यावर ओरडायचे आणि मी त्यांना नाही म्हणायचे. माझं कामच ते होतं! "बदलून मिळेल का?" नाही. "दुरुस्त होईल का?" नाही. "निदान साहेबांना भेटता येईल का?" अजिबात नाही. दुकानातले सगळे मला नकारघंटा म्हणायचे. तोंडावर नाही, पण कुजबुज ऐकू येण्याइतपत मोठ्याने.

आणि जेवणाची सुट्टी संपली की मी मागच्या जिन्याने खाली जायचे, सामानाच्या खोलीत शिरायचे आणि अस्वल होऊन बाहेर यायचे.

त्याचं झालं असं, की दुकानाच्या दाराशी मुलांशी हात मिळवायला एक तपकिरी अस्वल उभं असायचं. आत जे गृहस्थ होते त्यांची पाठ धरली आणि ते सोडून गेले. मॅनेजर हवालदिल झाले. मी म्हटलं, "साहेब, दुपारी खिडकी बंदच असते. मी होते अस्वल!" त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "दोन नियम आहेत. एक, अस्वल बोलत नाही. दोन, अस्वल नाही म्हणत नाही. तुला जमेल?"

दुसऱ्या नियमाची चिंताच नव्हती, कारण ती सोय अस्वलाच्या मानेत होती. डोकं भलतंच जड. ते एका जाड स्प्रिंगवर बसवलेलं. आत तुम्ही इकडे बघा, तिकडे बघा, शिंका, जांभई द्या, बाहेर अस्वल आपलं खाली-वर मान डोलवणार! कुणी काही विचारलं की मी जरा हलायचे आणि अस्वल हो म्हणायचं. मुलं खूश, आईबाप खूश. सकाळभर सगळ्यांना नाही म्हणून म्हणून आंबलेली मी दुपारभर सगळ्यांना हो म्हणायचे. घामाने निथळायचे, पण खरं सांगते, दिवसातले माझे सगळ्यात सुखाचे तास तेच होते. अस्वलाकडे कुणी तक्रार घेऊन येत नाही. उलट येऊन मिठी मारतात.

अशात एके सकाळी खिडकीवर तो आला. उंच, किडकिडीत, बोटांना पांढरी भुकटी लागलेली आणि काखेत टेबलावरचा दिवा.

"मॅडम, हा दिवा लुकलुकतो."

"लावा."

फळीशेजारी प्लग होता. त्याने दिवा लावला. लख्ख!

"कुठे लुकलुकतोय?"

"इथे नाही लुकलुकत. घरी लुकलुकतो."

"मग घरी तक्रार करा."

तो रागावला नाही. उलट गंभीरपणे विचार करायला लागला, जणू मी काही उपाय सुचवला होता. मलाच कसंतरी झालं. मी नियम समजावला, "दोष खिडकीसमोर दिसला पाहिजे. मी डोळ्यांनी बघितला तरच बदलून देता येतो."

"मग बघू या ना," तो म्हणाला. "कधी ना कधी लुकलुकेलच."

आणि आम्ही दोघं दिव्याकडे बघत बसलो. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो. दिवा शहाण्या मुलासारखा शांत! मागे रांग खोळंबली.

"एवढं काय काम असतं दिव्याचं?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"मी दात बनवतो."

"कुणाचे?"

"ज्यांचे नाहीत त्यांचे," तो म्हणाला. "चौकातल्या दातांच्या डॉक्टरांच्या वर माझी खोली आहे. कवळ्या करतो. दिवा लुकलुकला की दातांचा रंग चुकतो. परवा एका आजोबांना हिरवट दात गेले."

"बापरे! मग आजोबा रागावले असतील."

"आजोबांना दिसत नाही नीट. आजी रागावल्या."

मी ओठ घट्ट मिटून घेतले. खिडकीत हसायचं नाही, हा मॅनेजरांचा नियम नाही, माझा स्वतःचा आहे. एकदा हसलं की माणूस "जाऊ दे ना ताई" म्हणून फळीवर कोपर टेकवतो आणि हलत नाही.

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्याही. दिवा लावायचा, बघत बसायचं, दिवा लुकलुकत नाही, तो उचलायचा, "उद्या बघू, मॅडम" म्हणायचा आणि जायचा. एकदा रांगेतल्या एका काकूंचा संयम सुटला. "अहो, दिवा बघताय की सिनेमा?" आणि मला हसू फुटलं! पटकन तोंडावर हात घेतला, पण फुटायचं ते फुटलंच.

त्या दुपारी मी अस्वल होऊन दाराशेजारच्या बाकावर दम खात बसले होते. शेजारी येऊन कोण बसावं? तोच! दिवा मांडीवर.

"मित्रा," तो मला म्हणाला, "बसू ना?"

मी दचकले. अस्वलाने मान डोलवली.

"तू पुरुष आहेस, तुला कळेल. वर तक्रार खिडकीवर एक बाई आहेत. तुम्ही लोक त्यांना काय म्हणता, ते वॉचमनकाकांनी सांगितलं मला. पण आज त्या हसल्या." त्याने मांडीवरचा दिवा सरळ केला. "त्यांचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेत. एवढेसेच. मी इतकी वर्षं सरळ दात घडवतोय. सरळ दात कुणीही घडवेल. तसे दोन दात मला जन्मात जमायचे नाहीत."

अहो, त्या दोन दातांपायी मी शाळेतल्या एकूणएक फोटोत तोंड मिटून उभी आहे! आणि हा माणूस एका अस्वलाला त्यांचं कौतुक सांगत होता. डोक्याच्या आत माझ्या नाकावरून घाम ओघळला, की डोळ्यातून पाणी आलं, मला कळलं नाही. पुसायला हात वर जाईना. अस्वल नुसतंच मान डोलवत राहिलं.

मग तो रोजच बसायला लागला. सकाळी खिडकीवर मला "मॅडम" म्हणायचा, आता दोन वाक्यं बोलताना तीनदा अडखळायचा. दुपारी बाकावर तोच माणूस धबधब्यासारखा बोलायचा! त्याची ताई दूर समुद्रापलीकडे राहायची, तिला त्याची काळजी वाटायची. त्याला गर्दीची भीती वाटायची, शांततेचीही वाटायची. आणि एके दिवशी इकडेतिकडे बघून तो माझ्या केसाळ कानाशी आला. "मित्रा, कुणाला सांगू नकोस. दिवा कधीच ठीक झालाय. दोष माझ्या खोलीतल्या प्लगचा होता. मी उगीचच येतो."

आता तुम्ही म्हणाल, अगं शहाणे, मग डोकं काढून सांगायचं ना, की मीच ती! मलाही आता तेच वाटतं. रोज वाटतं. पण तेव्हा मला वाटायचं, आज नको, उद्या सांगू. आज तो आईबद्दल बोलतोय. आज तो पहिल्या कवळीची गोष्ट सांगतोय. डोकं काढलं, की हे सगळं थांबेल. तो पुन्हा "मॅडम" म्हणून अडखळायला लागेल. कुणी माझ्याशी इतकं बोललंच नव्हतं हो कधी! हाव सुटली मला, दुसरं काय.

मग एका शुक्रवारी तो बाकावर येऊन बसला आणि दिव्याची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. म्हणाला, "ताईने तिकडे काम बघितलंय माझ्यासाठी. मोठी प्रयोगशाळा आहे. उद्या संध्याकाळच्या बसने बंदरावर जायचं, तिथून बोट. सकाळी सामान बांधेन. दुपारी येईन, खिडकीवर जाऊन त्यांना विचारीन, माझ्याबरोबर एकदा चहा घ्याल का? त्या हो म्हणाल्या, तर सामान सोडायचं. नाही म्हणाल्या, तर गेलो."

माझा जीव भांड्यात पडण्याऐवजी घशात आला. दुपारी खिडकी बंद असते! दुपारी मी खिडकीत नसतेच, मी इथे, त्याच्या शेजारी असते! पण हे त्याला कोण सांगणार? अस्वलाने मान डोलवली.

रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, मी योजना आखली. आणि काय योजना होती! मॅनेजरांना सांगायचं, उद्या खिडकी दुपारीही उघडी ठेवते. ते हरखतील. अस्वलाच्या जागी आईला उभं करायचं. आई माझ्याच उंचीची, बालवाडीतून निवृत्त झालेली, मुलांचा तिला कधी कंटाळा नाही. तो वर येणार, मी हसणार, चांगली दात दाखवून हसणार, आणि तो विचारायच्या आतच हो म्हणणार! त्यात चूक व्हायला जागाच नव्हती.

"अगं पण मला काय करायचं असतं?" सामानाच्या खोलीत अस्वलाच्या पायांत पाय घालताना आईने विचारलं.

"काही नाही. उभं राहायचं. आणि आई, काही झालं, आभाळ कोसळलं तरी बोलायचं नाही! अस्वल बोलत नाही."

"एवढं कळतं मला," आई म्हणाली. मी तिच्या पाठीची चेन ओढली, डोकं चढवलं आणि धावत वर गेले. एक गोष्ट सांगायची राहिली. स्प्रिंगची. मला ती कधी अडचण वाटलीच नव्हती, कारण अस्वलात असताना मला कधी कुणाला नाही म्हणायचंच नव्हतं.

खिडकी उघडली. पहिलं गिऱ्हाईक आलं. मी सरावासाठी हसून बघितलं.

"दाढ दुखतेय का?" त्याने काळजीने विचारलं.

"नाही हो! बोला, काय हवंय?"

"ही उशी. हिच्यावर झोपलं की वाईट स्वप्नं पडतात."

एरवी मी त्याला असं काही परत धाडलं असतं, की त्याला जागेपणी स्वप्नं पडली असती. पण आज मी हो म्हणायला बसले होते ना! तोंडाला वळण लागावं म्हणून म्हटलं, "बदलून देते."

तो अविश्वासाने उशी घेऊन गेला आणि त्याने ते गाद्यांच्या विभागात सांगितलं. गाद्यांच्या विभागाने पडद्यांच्या विभागाला सांगितलं. नकारघंटा हो म्हणतेय! एका बाईला बादली फार निळी वाटत होती. दिली बदलून. एकाने पायपुसणं आणलं, त्याच्यावरची पावलं मोजली असती तर अख्खं शहर भरलं असतं. बदललं! एक आजी आल्या, "खुर्ची चांगली आहे गं, पण हे तिच्यातून उठत नाहीत." मी म्हटलं, "बदलून देते!" आजींनी आशेने विचारलं, "कुणाला?"

बघता बघता रांग बोळातून गाद्यांपर्यंत आणि गाद्यांतून जिन्यापर्यंत गेली. माझं लक्ष सगळं जिन्याकडे. तो येणार, काखेत दिवा घेऊन येणार. शिक्का मारत होते, हसत होते, मान उंचावून बघत होते. तो काही येईना.

आणि मग रांगेच्या शेपटाला मला दोन तपकिरी कान दिसले.

आई! वर कशाला आली ही? मला वाटलं, उकडलं असेल, पाणी हवं असेल. मी काचेतून हाताने खूण केली, थांब जरा. आईने जन्मभर मुलांना रांगेत उभं केलेलं. मधे घुसणं तिच्या रक्तात नाही. ती बिचारी पायपुसण्यांच्या आणि पातेल्यांच्या मागे रांगेत उभी राहिली. "अरे, अस्वलाचीपण तक्रार आहे!" लोक हसले. मीही हसले. मी हसले हो! ती एकेक पाऊल पुढे सरकत होती आणि मी प्रत्येकाला सावकाश, गोड बोलून, बादल्या बदलून देत होते.

शेवटी, संध्याकाळ व्हायला आली तेव्हा, ते मोठं केसाळ डोकं भोकाशी आलं. काखेत एक दिवा होता. तो दिवा!

"माझी तक्रार आहे," अस्वल म्हणालं.

मागे एका लहान मुलीने भोकाड पसरलं, "अस्वल बोललं!"

"आई, हा दिवा... तो आला होता? कुठे आहे तो?"

"अगं, किती गोड मुलगा! माझ्याशेजारी येऊन बसला. वर तक्रार खिडकीवर जायचा धीर होत नाही म्हणाला. मला म्हणाला, मित्रा, त्या नाहीच म्हणतील ना? मी म्हटलं नाही रे बाळा! म्हणजे मानेने म्हटलं, तू बोलू नकोस म्हणालीस ना. मग विचारतो, म्हणजे विचारण्यात अर्थ नाही ना? मी पुन्हा जोरात मान हलवली, तसं नाही रे! मग म्हणतो, मी ताईकडे जावं हेच बरं ना? मी इतक्या जोरात नाही नाही केलं, माझी मान लचकली! तरी तो आपला म्हणतो, तुलाही तेच वाटतं तर मग झालं. मला मिठी मारली, दिवा दिला. म्हणाला, हा त्यांना दे, सांग, आता लुकलुकत नाही. आणि गेला! तीनदा नाही म्हटलं मी त्याला, तीनदा!"

ती हातवारे करून सांगत होती, मान हलवून हलवून "नाही" दाखवत होती. आणि काचेच्या अलीकडून मला दिसत होतं, अस्वल मान डोलवत होतं. हो. हो. हो.

मी शिक्का फळीवर टाकला.

मी खिडकीची झडप ओढली. "अहो, माझं पातेलं!" कुणीतरी ओरडलं. मॅनेजर जिन्यावरून वर येत होते, "हे काय चाललंय? गोदामात बादल्यांचा डोंगर झालाय!" मी त्यांना ओलांडून खाली धावले. मागून आई. तिची चेन केसांत अडकली होती, ती काही केल्या उघडेना, म्हणून मग तशीच, अख्खं अस्वल! रस्त्याने पुढे मी, मागे अस्वल, त्याच्या मागे पोरांचं शेपूट. बस स्टँड रस्त्याच्या टोकालाच आहे. कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. वाटेत मी तिला धापा टाकत स्प्रिंगचं सांगितलं. आतून नुसतं "अगं बाई गं" एवढंच ऐकू आलं.

बस उभी होती. इंजिन सुरू. तो मधल्या खिडकीशी बसला होता. त्याने अस्वलाला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मित्रा! पोचवायला आलास?"

मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी अस्वलाचा पंजा धरून ओढत होते. त्याला वाटलं, काय वाटलं असेल सांगा? तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. कितीतरी दिवसांनी न अडखळता बोलला, "मॅडम, त्याला रागावू नका! माझ्यासाठी आलाय तो. त्याची नोकरी घालवू नका, हात जोडतो!"

"अहो, ते अस्वल मी आहे!" मी ओरडले.

त्याने अस्वलाकडे बघितलं. अस्वलाचा पंजा हातात धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. आणि त्या बसमधल्या सगळ्यांनी बघितलं.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तो हळूच म्हणाला.

"ही माझी आई आहे! आजच्या दिवस! रोज मी असते! दोष तुमच्या प्लगचा होता! आजोबांचे दात हिरवे! गर्दीची भीती वाटते, शांततेची पण! आणि माझे हे..." मी त्याच्याकडे तोंड करून दात दाखवले. ते पुढचे दोन. स्टँडवरचे लोक दोन पावलं मागे सरकले.

तो बघत राहिला. त्याला कळलं. मी बघितलं ना, त्याला कळताना. मला वाटलं होतं, कळलं की तो हसेल, दार उघडून उडी मारेल. पण त्याचा चेहरा कानापासून लाल होत गेला, आणि मग पांढरा पडला.

"म्हणजे मी जे बोललो ते सगळं तुम्ही ऐकलंत?"

"सगळं!" मी म्हटलं. केवढ्या आनंदाने म्हटलं मी!

"रोज. आणि सकाळी खिडकीवर काही माहीत नसल्यासारखं..." त्याने खिडकीची काच धरली. "तुम्हाला विचारायची भीती वाटायची, म्हणून मी त्याला सांगायचो. माझा तो एकच मित्र होता इथे."

गाडी हलली. "आई, नाही म्हण त्याला!" मी किंचाळले. आई आतून ओरडत होती, "थांब रे बाळा, मी नाही म्हणत होते!" पण ड्रायव्हरने नेमका तेव्हाच हॉर्न दाबला. ती दोन्ही पंजांनी डोकं उपटायला बघत होती आणि ते जड डोकं खाली-वर, खाली-वर होत होतं. जा, हो, जा. त्याने ते बघितलं नाही. त्याने काच लावून तोंड फिरवलं होतं.

दिव्याच्या पावतीवर त्याचा नंबर होता. काही दिवसांनी सगळा धीर गोळा करून मी फोन लावला. उचलला तेव्हा मागे समुद्राचा की गाड्यांचा आवाज येत होता. किती वाक्यं पाठ केली होती मी! पण त्याचं "हॅलो" ऐकलं आणि तोंडातून सवयीने निघालं, "तक्रार खिडकीतून बोलतेय."

मग तो अगदी सभ्यपणे, पहिल्या दिवशीसारखाच म्हणाला, "माझी काही तक्रार नाही, मॅडम."

त्यापेक्षा त्याने ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्यांशी कसं बोलायचं ते मला येतं.

खिडकीवरून मॅनेजरांनी मला हलवलं, हे सांगायला नकोच. बादल्यांचा डोंगर उपसायला त्यांना बरेच दिवस लागले. आता मी गाद्यांच्या विभागात असते. तिथे कुणालाही हो म्हटलं तरी चालतं. मी हसतेही. लोकांना दातांचं काही पडलेलं नाही, ते गादीवर आडवे होऊन छताकडे बघत असतात. दिवा माझ्या उशाशी आहे. रोज लावते आणि बघत बसते. अजून एकदाही लुकलुकला नाही.

आणि अस्वल? अस्वल आई झाली, कायमची! मॅनेजर म्हणाले, इतकं मायाळू अस्वल दुकानाला आजवर मिळालं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्याच बाकावर जाऊन बसते. ती दम खात असते. तिला बोलायचं नसतं, म्हणून मीच बोलते. घरी आईला जे सांगता येत नाही ते अस्वलाला सांगता येतं. तो का येऊन बसायचा ते मला आता कळतं. फार उशिरा कळतं.

कधी कधी न राहवून विचारते, "तो येईल का गं परत?"

अस्वल लगेच मान डोलवतं. हो.

बरं वाटतं. डबा संपवते, हात धुते, पुन्हा गाद्यांकडे जाते. ती स्प्रिंग अजून कुणी दुरुस्त केलेली नाही. आत आई नक्की काय म्हणाली, ते मी घरी गेल्यावर तिला विचारत नाही.